चौदा झडपा

सिल्व्हिया उजागरेच्या दुकानात त्या दिवशी सकाळी साडेदहाला सगळे मोबाईल एकदम किंचाळले आणि जाड कापडाच्या मशीनची सुई मोडून तिचं टोक तिच्या चष्म्याच्या काचेवर टणकन आपटलं. तिचा स्वतःचा मोबाईल, टेम्पोचं हूड शिवायला आलेल्या बन्सीचा, बाकड्यावर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांचे आणि कुणीतरी चार्जिंगला लावून चहाला गेलेला, असे पाच. भिंगारच्या जुन्या बाजारात आवाजांना तोटा नाही. भाजीवाले आहेत, लष्कराच्या गाड्या आहेत, दिवसभर शिट्ट्या मारणारा समोरचा कुकरवाला आहे. पण हा आवाज कुणा माणसानं काढलेला नव्हता आणि तो कुणाला उद्देशून आहे हेही कळत नव्हतं. बन्सीनं स्वतःचा मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. अरबी समुद्रातलं वादळ किनारा ओलांडून आत येतंय, उद्या दुपारनंतर जिल्ह्यात सोसाट्याचे वारे, नागरिकांनी दक्षता घ्यावी. बाकड्यावरचा एकजण म्हणाला, "नळाला पाणी चार दिवसाआड आणि वादळ मात्र समुद्राचं, एकदम ताजं." सगळे हसले. बन्सी हसला नाही. कोल्हारच्या पुलावर एकदा वाऱ्यानं त्याच्या टेम्पोचं हूड उचलून थेट प्रवरेत टाकलं होतं, आणि तेव्हापासून हवामानाच्या बातमीला तो घरातल्या वडीलधाऱ्यासारखा मान देत असे. सिल्व्हियाही हसली नाही. मोडक्या सुईचा तुकडा चिमटीत धरून ती तशीच बसून राहिली, आणि तिच्या मनात आलं ते एवढंच की घरी जावं आणि गुरुजींची बोटं मोजावीत.

मोजण्यासारखं काही नव्हतं. तिचा नवरा, कृपादान उजागरे गुरुजी, या वेळी घरी पेपर वाचत बसलेले असणार, डाव्या हातानं पान उलटत. उजव्या हाताला अंगठा होता आणि करंगळी होती. मधली तीन बोटं पाच वर्षांपूर्वी अकोले तालुक्याच्या डोंगरात गेली. दोन हजार वीसचा जून. गुरुजींची नोकरी भंडारदऱ्याच्या अलीकडच्या एका वाडीवर होती. टाळेबंदी लागायच्या आदल्या दिवशी सिल्व्हिया हातमशीन पिशवीत घालून एस.टी.नं तिकडं गेली होती आणि अडीच महिने तिथंच अडकली होती. ते दिवस सुखाचे होते, हे तिला कुणापुढं कबूल करायची लाज वाटे. सारं जग भयानं घरात बसलेलं आणि ही दोघं लग्नानंतर पहिल्यांदा एवढे दिवस एका छपराखाली. त्रास एकच, पाण्याचा. ज्या डोंगरात पावसाळ्यात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, त्याच डोंगरात मे महिन्यात बाया दोन कोसांवरून हंडे आणतात. तीन जूनला रेडिओवर सकाळपासून चक्रीवादळ चाललं होतं. कोकणात माणसं दारं-खिडक्यांना फळ्या ठोकत होती, होड्या ओढून वर घेत होती. आणि ही वाडी? घरमालकीण मनकर्णाबाई सकाळीच ओट्यावर येऊन म्हणाली, "वारं येतंय म्हंजी पानी येतंय, बाई. हंडं-कळश्या भाईर मांडा." वाडीनं भांडी बाहेर काढली. घमेली, पराती, पाळण्यातलं पोर उचलून पाळण्याचा पत्र्याचा टबसुद्धा. वादळाची अशी तयारी जगात दुसरीकडं कुठं झाली नसेल. सिल्व्हिया तर शिवणकामातली. ती मागं राहते थोडीच? तिनं जुन्या ताडपत्रीचे तुकडे जोडून एक लांब कापड केलं, ते पत्र्याच्या छपरावर चढवलं, पश्चिमेची कड दोन बांबूंवर उचलून धरली, कारण त्या डोंगरात पाऊस पश्चिमेकडूनच येतो, आणि पूर्वेची कड पिंपात सोडली. पावसानं पश्चिमेच्या तोंडानं आत यावं आणि सगळंच्या सगळं पिंपात उतरावं. थेंब वाया जाऊ नये म्हणून शिवण दुहेरी घातली, दोर करकचून आवळले. गुरुजी खाली उभं राहून म्हणाले होते, "तू इंजिनिअर व्हायला पाहिजे होतीस." हे वाक्य तिला पाच वर्षं पुरलं होतं.

वादळ संध्याकाळी आलं आणि आलं ते पूर्वेकडून. दोघं दारात उभं राहून हसत होती, रेडिओला काही कळत नाही म्हणत होती. वारा कापडाला पत्र्यावर दाबून धरत होता, पाणी धो धो पिंपात पडत होतं, मनकर्णाबाईच्या कळश्या भरून वाहत होत्या. मग सगळं थांबलं. झाडं थांबली, पाऊस थांबला, कुत्रीसुद्धा थांबली. तिला वाटलं, झालं, एवढंच होतं वादळ. आणि मग वारा फिरला. पश्चिमेकडून आला आणि तिनंच उघडं ठेवलेल्या त्या तोंडातून सरळ आत घुसला. कापड फुगलं, बांबू मोडले, दोराला बांधलेला पत्रा खिळ्यांसकट कुरकुरायला लागला. गुरुजींनी धावत जाऊन दोर पकडला आणि ती ओरडली, "सोडू नका." त्यांनी सोडला नाही. पत्रा एका बाजूनं उचकटला, वर गेला आणि खाली येताना... इथं तिचं मन दर वेळी थांबे. पुढं फक्त मनकर्णाबाईचा आवाज असे, "हात वर धरा, गुर्जी, वर धरा," आणि त्या पिंपातलं पाणी तांब्या-तांब्यानं त्या हातावर ओतलेलं. पिंप काठोकाठ भरलेलं होतं.

गुरुजींनी तिला कधी बोल लावला नाही, हेच तर दुखणं होतं. त्यांनी डाव्या हातानं सही गिरवली, डाव्या हातानं फळ्यावर लिहीत नोकरीचं शेवटचं वर्ष काढलं, आणि पोरांना सांगितलं की आता तुमचं आणि माझं अक्षर सारखंच वाईट, तेव्हा कुणी कुणाला हसायचं नाही. सिल्व्हियाला वाटे, एकदा तरी यांनी ताट आपटावं, एकदा तरी म्हणावं की तुझ्या इंजिनिअरिंगनं माझा हात खाल्ला. ते म्हणाले नाहीत, म्हणून तिलाही काही बोलता आलं नाही. दोघांच्या मध्ये ते पाच वर्षं तसंच राहिलं. तिनं घराच्या छपरासाठी पुन्हा कापड शिवलं नाही. सज्ज्यावर पावसाळ्यात टाकायला सगळ्या भिंगारला तिनं पडदे शिवून दिले, स्वतःच्या सज्ज्यात मात्र पाणी येऊ दिलं. आणि तरी दहा दिवसांपूर्वी चर्चचं काम तिनं घेतलं होतं. चर्चच्या लाकडी वाशांना वाळवी लागली म्हणून जुनी कौलं उतरवली होती, लोखंडी पाइप चढले होते, नवे पत्रे यायचे होते. तोवर अवकाळी पावसात बाकं आणि बाजाची पेटी भिजू नये म्हणून साठ फूट बाय चाळीस फुटांची ताडपत्री. पंचांचा अध्यक्ष सॅम भांबळ स्वतः दुकानात येऊन म्हणाला, सिल्व्हियाताई, तुमच्याशिवाय कोण. ती फुशारली आणि शिवून मोकळी झाली. शिवली तीही नगरची माणसं शिवतात तशी, पाण्यासाठी. दुहेरी शिवण, कुठं फट नाही, चारी बाजूंनी आवळलेली. वारा तिच्या मनात आला नव्हता. खरं तर आला होता, पण तिनं त्याला दाराबाहेर उभा केला होता.

बन्सीचा मोबाईल पुन्हा वाजला. या वेळी तो चर्चच्या ग्रुपवरचा सॅमचा निरोप होता. बन्सी हिंदू, पण चर्चचं सामान त्याच्या टेम्पोतून येई म्हणून तोही त्या ग्रुपवर होता. नाल्याकाठच्या पत्र्याच्या खोल्यांतल्या सगळ्यांनी उद्या दुपारी चर्चमध्ये यावं, चर्चच्या भिंती दगडी आहेत, छप्पर जादा दोर लावून घट्ट करत आहोत, वर दगडही ठेवत आहोत. सिल्व्हियानं तो निरोप दोनदा वाचला. तिला साठ माणसं दिसली, वर दगड दिसले आणि फुगलेलं कापड दिसलं. ती बन्सीच्या हूडची मागची कड चाचपत राहिली. बन्सीनं विचारलं, "मावशी, काय हुतंय?" ती म्हणाली, "बन्सी, तुझं हूड मी मागून उघडं का ठेवते रे?" त्याला हा काय प्रश्न वाटला. "मीच तर सांगितलं हुतं तुमाला. वाऱ्याला आत घेतलं तर भाईर जायाला जागा ठिवा, न्हाईतर त्यो हूड घिऊनच जातो." तिनं मशीनवर कापड टाकलं, शटर ओढलं आणि म्हणाली, "टेम्पो काढ. आणि जाता जाता जेवढी पंक्चरवाल्यांची दुकानं लागतील तेवढ्यांच्या फुटक्या ट्यूबा गोळा कर."

चर्चच्या आवारात पंचमंडळी जमली होती आणि दोन गडी शिडीवरून वर दगड पोचवत होते. गुरुजीही होते, झाडाखाली खुर्ची टाकून. ते न बोलावता येत, पण विचारल्याशिवाय बोलत नसत. सिल्व्हियानं सलाम केला आणि सॅमला म्हणाली, "दगड उतरवा. आणि छत खाली घ्या, मला ते कापायचंय." सॅम चाळीस वर्षं लष्करी वर्कशॉपमध्ये काम केलेला माणूस, त्याला आज्ञा द्यायची सवय, घ्यायची नाही. "कापायचंय म्हणजे? ताई, नवी कोरी ताडपत्री आहे. भोकं पाडून छप्पर वाचवलेलं कुणी पाहिलंय का?" कुणीतरी म्हणालं, बाई घाबरल्यात. दुसरं कुणी म्हणालं, घट्ट बांधलं की काही होत नाही. तिनं समजावून पाहिलं. वारा आतून उचलतो, वरून नाही. कापड घट्ट असलं की सगळा जोर पाइपवर जातो. पाइप उखडले की ते खाली बसलेल्यांच्या डोक्यावर येतात, आणि वरचे दगडही. सॅम मान हलवत होता, पण ती मान नकाराची होती. वर्कशॉपमध्ये त्याचं म्हणणं ऐकून घेत, दुकानातल्या बाईचं त्यानं का ऐकावं, असा तो साधा हिशेब होता. तेव्हा सिल्व्हियाला कळलं की यांना पटवायला तिच्याजवळ एकच पुरावा आहे, आणि तो खुर्चीत बसलाय.

"गुरुजींचा हात पत्र्यानं कापला असं सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पत्रा उचलला माझ्या कापडानं. मी ते असंच शिवलं होतं, फट न ठेवता. वाऱ्याला आत यायला मी तोंड ठेवलं आणि जायला जागा ठेवली नाही. वर यांना ओरडून सांगितलं, सोडू नका म्हणून. म्हणून यांनी सोडलं नाही. पाच वर्षं मी हे कुणाला बोलले नाही. आज बोलतेय, कारण तेच काम मी तुमच्या डोक्यावर करून ठेवलंय." तिनं गुरुजींकडं पाहिलं नाही, पाहिलं असतं तर पुढचं बोलणं झालं नसतं. सॅमनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग शिडीवरच्या गड्यांना म्हणाला, "उतरवा रे दगड." आणि तिला, "किती कापायचं?"

चौदा ठिकाणी. सात पूर्वेच्या उतारावर, सात पश्चिमेच्या. प्रत्येक चीर हातभर लांबीची, आणि प्रत्येक चिरेवर खिशावर असतं तसं झाकण, वरून शिवलेलं, खालून मोकळं. आतून जोर आला की झाकण उघडेल, बाहेरून आला की मिटेल. म्हणजे ज्या अंगाला वारा आणि पाऊस असेल त्या अंगाची सात मिटलेली राहतील आणि पलीकडची सात वाऱ्याला बाहेर सोडतील. मग वारा फिरला की त्यांची पाळी. सॅमनं हे ऐकलं आणि त्याच्यातला वर्कशॉपवाला जागा झाला. "झडपा म्हणा की," तो म्हणाला, आणि मग तो तिचा हेल्परच झाला. आवारात ताडपत्री पसरली, बन्सीनं दुकानातून मशीन आणली, वीज मांडवाच्या वायरीनं घेतली. पहिली चीर मारताना तिचा हात अडला. धडधाकट कापडाला कात्री लावायची म्हणजे शिवणाऱ्याच्या जिवावर येतं. पण पहिली झाली आणि दुसरी आपोआप झाली, आणि चौथीच्या वेळी तिला जाणवलं की आपल्याला मजा येतेय. इतक्या वर्षांत कशातच आली नव्हती अशी मजा. ती मोठमोठ्यानं हुकूम सोडत होती, लोक पळत होते, बन्सी फुटक्या ट्यूबांची कडी कापून दोर आणि ताडपत्रीच्या कडेच्या रिंगा यांच्या मध्ये अडकवत होता, म्हणजे झटका आला तर रबर ताणेल, रिंग उपटणार नाही. गुरुजी खडूनं खुणा करत होते, डाव्या हातानं, सरळ. असं करत करत दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला छत पुन्हा वर चढलं. शेवटच्या झडपा तिनं घाईत शिवल्या होत्या. तिचे डोळे चुरचुरत होते आणि खांदे भरून आले होते.

माणसं आली. नाल्याकाठची, त्यांच्या गाठोड्यांसह, एक शेळीसुद्धा. सिल्व्हियानं सगळ्यांना भिंतीकडेनं बसवलं, मधली जागा रिकामी ठेवली. तीनच्या सुमाराला उजेड पिवळा झाला आणि वारा आला. पूर्वेकडून. तिनं मान वर केली आणि ती पाहात राहिली. पूर्वेचा उतार दबला, त्याच्या साती झडपा मिटल्या, आणि पश्चिमेच्या उतारावर एक उघडली, मग दोन, मग साती एका ओळीत फडफडत उघडल्या. आतली हवा त्यांतून बाहेर जाताना ऐकू येत होती. पाइप करकरत होते, रबराची कडी ताणली जाऊन पुन्हा जागेवर येत होती, कोपऱ्यातून तुषार येत होते, आणि छत होतं तिथंच होतं. नाल्याकाठच्या रंगुबाईनं तिला कोपरानं ढोसून विचारलं, "बाई, ह्ये छप्पर जित्तं हाय का?" कुणीतरी गीत धरलं, वाऱ्यात चाल हरवली तरी लोक गातच राहिले. तासाभरानं सगळं एकदम थांबलं. पाऊस गेला, पिवळा उजेड परत आला, पोरं उठून दाराकडं पळाली, सॅमही उठला, "झालं म्हणायचं, ताई," म्हणत. "बसा," ती म्हणाली, इतक्या मोठ्यानं की शेळीसुद्धा बसली. "अर्धंच झालंय. आता ते फिरून येईल." सॅम निमूट बसला.

त्या शांततेत गुरुजी भिंतीकडेनं सरकत तिच्याजवळ आले. "सिल्व्हिया," ते हळू आवाजात म्हणाले, "तू ओरडलीस ते मला त्या दिवशी ऐकूच आलं नव्हतं." तिनं त्यांच्याकडं पाहिलं. "त्या वाऱ्यात कुणाला काय ऐकू येणार? मी दोर धरला तो पिंपासाठी. वीतभर राहिलं होतं भरायचं. मला वाटलं, एवढं भरू दे, मग सोडतो. लाज वाटायची सांगायला. गुरुजी माणूस, अन् पिंपभर पाण्यासाठी हात घालवून बसला. तुला ते कळलंय आणि तुला माझी चीड आली आहे, असं मी समजत होतो. तू माझ्याजवळ बसायची थांबलीस तेव्हापासून." तिला काय होतंय ते तिला कळेना. आधी संताप आला, खराखुरा, कानशिलं तापवणारा. पाच वर्षं. पाच वर्षं आपण याच्या वाटणीचं ओझं वाहिलं, आणि यानं आपल्या वाटणीचं. मग त्या संतापाच्या तळातून काहीतरी वर यायला लागलं आणि ते काय आहे हे कळायच्या आत बाहेरची झाडं पश्चिमेकडून कलली.

वारा फिरला. पश्चिमेच्या झडपा फटाफट मिटल्या. छताचं पोट वर उचललं गेलं, पाइपांचे सांधे किंचाळले, भिंतीकडेची माणसं एकमेकांना चिकटली. पूर्वेच्या उतारावर एक झडप उघडली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. सातवी उघडेना. सिल्व्हियाला दिसलं, ती खालूनही शिवली गेली होती, सकाळच्या घाईत, तिच्याच हातानं, दुहेरी टाका घालून. त्या कोपऱ्याचं कापड फुगत चाललं, तिथला पाइप डोळ्यांदेखत वाकायला लागला, सॅम आणि दोन गडी त्या बाजूच्या दोराकडं धावले आणि गुरुजीही अर्धवट उठले. "कुणी धरू नका," ती म्हणाली. "त्याला जाऊ द्या." सॅम थबकला. गुरुजी थबकले. टाके तडातड उसवले, एकामागून एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि सातवी झडप उघडून बाहेर फेकली गेली. छताचं पोट खाली बसलं. पाइप सरळ झाला. सगळ्या आयुष्यात स्वतःची शिवण उसवल्याचा तिला एवढा आनंद कधी झाला नव्हता, आणि तिला मोठ्यानं हसू आलं. वारा तासभर छताशी झोंबत राहिला आणि मग कंटाळून पूर्वेकडं निघून गेला. साठ माणसं, एक शेळी आणि बाजाची पेटी कोरडी राहिली. लोक उभे राहून वर पाहात होते, हसत होते, बन्सी प्रत्येक रबरी कडं मोजत फिरत होता, सॅम भेटेल त्याला झडपांचं तत्त्व समजावत होता, जणू ते त्याच्याच वर्कशॉपमध्ये निघालं होतं. सिल्व्हिया रिकाम्या मधल्या जागेत जाऊन उभी राहिली. "गुरुजी," तिनं सगळ्यांदेखत हाक मारली, "इकडं या." ते आले. तिनं त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, अंगठा आणि करंगळी, आणि मधली ती गुळगुळीत जागा. पाच वर्षांत पहिल्यांदाच. "पाणी पाहिजे होतं म्हणे यांना," ती म्हणाली, आणि हसता हसता तिनं तो हात गालाशी धरला. मग तिला रडू आलं, आणि ते तिनं थांबवलं नाही.